केआने उचललेला घास

त्या नर्सबाईंचं नाव मी विचारलं नाही, पण त्यांचा हेवा मला अजून वाटतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. परदेशातल्या एका जुलैत, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यात, आम्ही राहायचो त्या रिकार्टनहून आमचा जथा बसने बर्फातल्या खिंडीत पक्षी बघायला गेला. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, मिरवायला गळ्यात नवी कोरी दुर्बीण. त्या नर्सबाई मात्र कोटावर शाल गुंडाळून आलेल्या.

जेवताना त्यांनी पोळीचा पहिला तुकडा मोडून दगडावर ठेवला आणि हात जोडले.

"केआला खायला घालू नका!" गाइड ओरडला. तोवर केआ, तिथला हिरवा पहाडी पोपट, घास घेऊन उडालासुद्धा.

"वडिलांसाठी ठेवते हो," बाई शालीला बोटं पुसत हसल्या. "इथे कावळे कुठून आणू?"

मी जळलो. गावी माझ्या वडिलांच्या पिंडाला कावळा शिवला नव्हता. "तू आला नाहीस ना," भाऊ फोनवर म्हणाला होता.

गाइडची पाठ वळताच मीही दगडावर तुकडा ठेवला. केआ आला. तुकड्याकडे त्याने बघितलंही नाही, माझ्या बुटाची नाडी ओढत बसला.

"तुमचे वडील जेवायला नाही, भेटायला आलेत," बाई हळूच म्हणाल्या.

गाइड बसकडे बोलावत राहिला. मी पाय हलवला नाही.