टाकसाळीची चूक आणि बाजारचा मार

चुकांना इतका जीव लावणारा माणूस निजामाच्या अख्ख्या राज्यात आमच्या थोरल्या साडूंशिवाय दुसरा झाला नसेल, हे मी छातीठोकपणे सांगतो. माणसांच्या चुका त्यांना बिलकूल खपत नसत, तो भाग वेगळा. जीव होता तो टाकसाळीच्या चुकांवर. धारूरला त्यांची बऱ्यापैकी शेती होती, बैल होते, पण ज्वारी कणसात आली की नाही हे त्यांना गड्याकडून कळायचं. हैदराबादच्या टाकसाळीतून एखादा हाली, म्हणजे निजामी चलनाचा, रुपया चुकीचा निघाला, त्यावरचा चारमिनार कडेला सरकला, किंवा चकती कापतानाच तिच्या काठाचा लचका उडाला, तर तो रुपया हिंडत हिंडत एक दिवस आपल्याच हातात येणार, या भरवशावर हा गृहस्थ जगत असे.

बाजाराच्या दिवशी ते ओट्यावर भिंग घेऊन बसत आणि लोक त्यांच्याकडे विचित्र नाणी आणत. साडूंच्या लेखी जगात दोनच प्रकार होते. ठसा पडताना जे बिघडलं ती ‘टाकसाळीची चूक’, आणि लोकांच्या हाती आल्यावर जे बिघडलं तो ‘बाजारचा मार’. निकाल देताना भीड नाही, मुरवत नाही. शेजारच्या पाटलांच्या देव्हाऱ्यात एका बाजूनं अगदी कोरा रुपया होता. देवाच्या कृपेनं तो टाकसाळीतूनच तसा निघाला, असं पाटील चारचौघांत सांगत. साडूंनी भिंग लावलं आणि म्हणाले, “पाटील, ही देवाची न्हाई, चिंचेची कृपा हाय. तुमच्या घरच्या बाया दर सणाला घासत आल्या. कोरी बाजू बोटानं चाचपून बघा, मधी खोलगट लागती.” पाटलांनी कितीतरी दिवस त्यांचा रामराम घेतला नाही. एका लग्नात तर आहेराचा रुपया उजेडात धरून, ह्याला आधी कडी लावून कुणीतरी गळ्यात घातला होता, डाग अजून दिसतोय, असं त्यांनी भर मांडवात जाहीर केलं. नवरीच्या बापाचं तोंड बघवेना! माझं नाक जरा वाकडं आहे. पहिल्या भेटीत माझी विचारपूस राहिली बाजूला, साडू म्हणाले, “पाव्हणं, हे जन्माचं का नंतरचा मार?” घोड्यावरून पडलो होतो, असं सांगितल्यावर त्यांचा माझ्यातला रसच संपला.

त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेहुणी, तिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. ती ताट वाढून वाट बघायची आणि हे पैशाची कड चाचपत बसायचे. “लग्नात माजं तोंड तरी इतकं निरखलं व्हतं का?” असं ती आम्हाला ऐकवायची, आणि वर त्यांचं भिंगही स्वतःच पदरानं पुसून ठेवायची.

साडूंना एकच नाणं हवं होतं आणि तेच मिळत नव्हतं. कधीकधी एक रुपया ठशालाच चिकटून राहतो आणि त्यावर पुढची चकती येते. ठोका पडला की त्या नव्या रुपयाच्या एका बाजूला चारमिनार नेहमीसारखा उठतो, आणि मागं, जिथं फारसी अक्षरं यायला हवीत तिथं, तोच चारमिनार उलटा आणि खोल रुततो. हे त्यांनी नुसतं ऐकलं होतं. एका वर्षी त्यांना हिवतापानं असं धरलं की ते ओट्यावर यायचेच बंद झाले. भिंतीकडे तोंड करून पडायचे. “ते नाणं काय माज्या नशिबात न्हाई,” एवढंच म्हणायचे. जेवणसुद्धा नको. अक्काचा धीर सुटला. माझ्या बायकोजवळ ती रडली, “ह्येंनी जगायचंच सोडलंय गं.”

दिवाळीच्या पाडव्याला आम्ही माजलगावहून मुद्दाम गेलो. एव्हाना राग गिळून पाटीलही आले होते. साडूंना कसंबसं पाटावर बसवलं. अक्कानं ओवाळलं, त्यांनी तबकात ओवाळणी टाकली, आणि तिनं सुपारीखालचा एक रुपया काढून त्यांच्या हातात ठेवला. “तूप इकलं त्यात आला. बगा बरं काय हाय.”

रुपयाच्या मागं चारमिनार होता. उलटा, खोल रुतलेला!

साडू ताठ बसले. कित्येक दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत पाणी चमकलेलं मी बघितलं. “भिंग आणा,” म्हणाले. पाटील मान लांब करून बघू लागले. साडू बघता बघता थांबले. का थांबले ते मलाही नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. रुतलेल्या चारमिनाराखाली मूळची फारसी अक्षरं चेपून तशीच उरली होती. चिकटल्या रुपयावर ठोका पडला असता तर तिथं अक्षरं आलीच नसती. रुपयावर रुपया ठेवून कुणीतरी वरून हाणलं होतं. अक्का खाली बघत होती. तिच्या अंगठ्याला हळदीची चिंधी बांधलेली होती आणि तो चांगलाच सुजला होता. खोटं ठरवलं तर भर पाडव्याला, पाटलांसमोर, तिची अब्रू जाणार. खरं ठरवलं तर जन्मात कधी खोटा निकाल न दिलेल्या ह्या माणसाजवळ शिल्लक काय राहणार?

“मार हाय,” साडू म्हणाले. “घरच्या खलबत्त्याचा.” पाटलांना हसू फुटू लागलं होतं. तेवढ्यात साडूंनी भिंग खाली ठेवलं, अक्काचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि सगळ्यांदेखत विचारलं, “लई ठणकतंय का गं?” अक्का रडायला लागली. पाटील पानाचा डबा उघडून बसले. त्या दिवशी साडू पोटभर जेवले, आणि पुढं हिंडायफिरायलाही लागले.

अक्का त्यांच्याआधी गेली. मग त्यांनी ओट्यावर बसणं सोडलं. नाण्यांची हौस असलेले परभणीचे एक वकील त्यांची नाणी बघायला आले, तेव्हा मी तिथंच होतो. साडूंनी जन्मभराच्या सगळ्या चुका त्यांच्यापुढं ओतल्या आणि ‘न्या’ म्हणाले. तो एक रुपया तेवढा उचलून मुठीत धरला. वकिलांनी तो मागून घेऊन बघितला आणि हसले, “अहो, हा तर ठोकून केलेला आहे. हाच कशाला ठेवता?”

“हाय की ठोकलेला,” साडू म्हणाले. “टाकसाळीत चूक व्हती ती कुणासाठी व्हत न्हाई, वकीलसाहेब. ही माज्यासाठी केलीय.”