ट्यूबलाइटखालचे हिरवे चेहरे

तुम्ही भाचरं फोनवर फोटो पाठवता तेव्हा मी आधी तारीख पाहते, मग चेहरे. ही शाळेतली सवय.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी सिल्वासाच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि शाळेचा अल्बमही सांभाळत होते. आमलीच्या स्टुडिओतून फोटो धुऊन आले की प्रत्येकाच्या पाठीमागे पेन्सिलीने तारीख, कार्यक्रम आणि डावीकडून उजवीकडे नावं लिहायची. पंधरा वर्षं हे काम कुणी मागितलं नव्हतं, आणि मागितलं तरी मी दिलं नसतं.

मग धुळ्याकडची एक तरुण विज्ञानशिक्षिका आली. तिचा नवरा मसाटच्या कारखान्यात होता. त्याच्या साहेबांचा परदेशी डिजिटल कॅमेरा तिने बक्षीस समारंभासाठी मागून आणला.

हेडमास्तर हरखले. "बाई, आता तुमची पेन्सिल सुटली! तारीख-वेळ म्हणे फोटोच्या आतच राहते."

सगळे हसले. मीही हसले, पण पोटात दुखू लागलं.

कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक इंग्रजीत होतं. "बाई, हे तुमच्याशिवाय कोण वाचणार?" म्हणत तिने ते माझ्याच हाती दिलं. मी त्याच संध्याकाळी अथपासून इतिपर्यंत वाचलं. दुसऱ्या दिवशी पुस्तक परत देऊन तिला बॅटरी, फ्लॅश, कार्ड, सगळं समजावलं. दोन गोष्टी मात्र गाळल्या. एक, आधी घड्याळ लावलं नाही तर फोटोत भलतीच तारीख नोंदली जाते. दुसरी, व्हाइट बॅलन्स: दिवे बदलले की कॅमेऱ्याला कोरा कागद दाखवून पांढरं म्हणजे काय ते सांगावं लागतं.

समारंभ हॉलमध्ये, ट्यूबलाइटखाली झाला. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर फोटो उघडले तर सगळे चेहरे हिरवट.

"अहो, पोरींना कावीळ झाली की काय?" हेडमास्तर म्हणाले. तारीख प्रत्येकावर पहिली जानेवारी. परीक्षा तर तोंडावर आलेल्या.

तिने मला विचारलं, "बाई, पुस्तकात याबद्दल काहीच नव्हतं?"

"नाही," मी म्हटलं.

अल्बम माझ्याकडेच राहिला. दोन आठवडे मी फार खुशीत होते.

तिसऱ्या आठवड्यात तिने ते पुस्तक माझ्या टेबलावर उघडून ठेवलं. वही तपासावी तशी, वाचलेल्या प्रत्येक परिच्छेदावर मीच बरोबरची खूण केली होती. व्हाइट बॅलन्सच्या समासात तर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: आधी पांढरा कागद दाखवावा.

"तुमचं अक्षर किती वळणदार हो, बाई," एवढंच म्हणून ती वर्गावर गेली.

मधल्या सुट्टीत मी तिला गाठलं. "ते पान मी वाचलं होतं."

"दिसलं ना."

"मुलींना परत उभं करू या. कागद मी धरते."

"बक्षीसवाल्या मुली खानवेलच्या; परीक्षा देऊन कालच्या बसने घरी गेल्या. आता जूनमध्येच."

जूनमध्ये त्या मुली बक्षिसाच्या ढाली घेऊन पुन्हा उभ्या राहिल्या. तिने पुन्हा मागून आणलेल्या कॅमेऱ्याचं घड्याळ लावलं, मी कोरा कागद धरला. "जरा सरळ, बाई," ती म्हणाली. मी सरळ धरला.

चेहरे खऱ्या रंगात आले, तारीखही बरोबर आली. हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली, आणि माझ्या पोटात पुन्हा दुखलं. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?