लोकर ब्लॉक करताना

ताईच्या बाळासाठी मी विणलेली शाल चारही कडांनी वर वळली होती. तिथूनच सांगायला घेते, कारण पुढचं सगळं त्या वळलेल्या कडांमुळे झालं.

विसरवाडीच्या फाट्याला आबांचं पंक्चरचं दुकान आहे. त्याच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. चिंचपाड्याच्या दवाखान्यात तिला मुलगा झाला तेव्हा आबांनी दुकानात हवा भरायला थांबलेल्या ट्रकवाल्यांनासुद्धा पेढे वाटले. आता ताईला सासरी परत जायचं होतं. जाताना माहेराहून बाळंतविडा द्यायचा असतो, टोपडं, झबलं, मोजे, शाल असं सगळं. माय म्हणाली, बाजारातून आणू. मी म्हणाले, मी करते. क्रोशा मला कॉलेजमधल्या एका मैत्रिणीनं शिकवला होता. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. त्यामुळे मी बाहेरून काही शिकून आले की त्याला जरा जास्तच मान मिळतो, आणि ते चुकलं की चूकही जरा जास्तच दिसते.

टोपडं आणि मोजे बरे झाले. शाल मात्र चौकोन चौकोन विणून जोडलेली होती आणि प्रत्येक चौकोन आपापल्या मनानं आकसला होता. माय ती हातात धरून दारातल्या उजेडात घेऊन गेली.

"हाई शाल शे का पापड?" ती म्हणाली. "तळी काढू का?"

"थांब ना माय, अजून ब्लॉक करनं बाकी शे."

"ते काय ऱ्हास?"

"ओली करीसन टाचण्या लावनं, तशीच वाळू देनं. मंग आकार येस."

"तुन्हा कॉलेजमा हाईच शिकाडतस का?"

हे कॉलेजात शिकवत नाहीत, मी मोबाइलवर पाहिलं होतं. व्हिडिओतल्या बाईनं सांगितलं तसं मी शाल पाण्यात बुडवली, गोधडीवर ताणून टाचण्यांनी बसवली आणि उन्हात ठेवली. वाळल्यावर ती इतकी सपाट दिसली की मी शेजारणीला बोलावून दाखवली. टाचण्या काढल्या, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कडा पुन्हा वर.

चूक माझ्याच समजण्यात होती. आमच्याकडे दुकानात विणायच्या धाग्याची गुंडी मागायची तर लोकर म्हणूनच मागतात, मग ती कशाचीही असो. व्हिडिओतली बाई मेंढीच्या लोकरीबद्दल बोलत होती. माझ्या गुंडीवरच्या कागदावर बारीक अक्षरात अ‍ॅक्रिलिक लिहिलेलं होतं, ते मी वाचलंच नव्हतं. अ‍ॅक्रिलिकला पाण्याचं काही वाटत नाही. ते वाळलं की होतं तसं होतं. त्याला वाफ लागते. मग मी दुसरा व्हिडिओ शोधला. त्यातली बाई हिंदीत बोलायची, पण मधेच गुजराती शब्द यायचे. तिनं सांगितलं, वर ओलं फडकं घाला, इस्त्री बोटभर वर धरा, फक्त वाफ द्या आणि काही झालं तरी इस्त्री टेकवू नका.

त्या दुपारी माय नळावर भांडी घासत होती. आबा दुकानात होते, हवेच्या मशीनचा आवाज भिंतीतून येत होता. ताई खाटेवर बाळाला पाजत बसली होती. ती त्या दिवसांत फार बोलायची नाही. दाजी सुरतेला कापडाच्या कारखान्यात कामाला आहेत, न्यायला कधी येणार असं मायनं विचारलं की ताई म्हणायची, सुट्टी मिळाली की येतील. रोज संध्याकाळी ती फोन घेऊन मागच्या दारी जायची आणि बराच वेळ बोलायची. कधी कधी हसायची. माय आतूनच ओरडायची, "मन्हा राम राम सांग त्यासले." मला तर वाटायचं, लग्न असावं तर असं.

मी खाली गोधडीवर वाकून इस्त्री धरली होती. फडक्यातून वाफ निघत होती आणि खालचा चौकोन खरंच सैल होत होता. मला इतका आनंद झाला की मी मान वर न करताच बोलले.

"ताई, देख तू. एकदा ब्लॉक करं ना, का मंग बठ्ठं सरळ व्हई जास. पुन्हा डोकं वर काढत नही."

ताई हळूच म्हणाली, "तुले कोनी सांगं?"

"एक बाईनी."

"कोन बाई?"

"सुरतनी शे वाटस. बोलनं तसंच शे तिनं."

"सुरतनी?" ताईचा आवाज असा झाला की मी वर पाहिलं. तिनं बाळाला छातीशी आवळून धरलं होतं. "तिले काय माहीत आमनं?"

"तुमनं?" मला कळेना. "तुमनं काय?"

"त्यासनी माले ब्लॉक करेल शे, ते."

मी तिच्याकडे बघत राहिले. तिनं काय म्हटलं ते मला कळलं होतं, पण ते माझ्या डोक्यात कुठे ठेवायचं ते कळत नव्हतं. मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "कव्हय?"

"बाळ व्हयनं, त्याना पंधरवडामाच."

"मंग रोज सांजले तू कोनसंगे बोलस?"

"कोनसंगेच नही."

हे ती अगदी सरळ म्हणाली, भाजीत मीठ नाही असं सांगावं तसं. मी हे आता लिहिताना पण थांबले. मी तिला हसताना ऐकलं होतं. "हो का? मग?" असं म्हणताना ऐकलं होतं. मधे थांबून, समोरच्याला बोलू देऊन, पुन्हा उत्तर देताना ऐकलं होतं. कानाला लावलेल्या त्या फोनमध्ये कोणीच नव्हतं.

"माय ऐकस ना," ती म्हणाली. "आवाज ऊना का तिले बरं वाटस."

जळका वास आला तेव्हा मला इस्त्रीची आठवण झाली. ती माझ्या हाताखाली केव्हाच फडक्यावर टेकली होती. फडकं कोरडं होऊन पिवळं पडलं होतं. ते उचललं तर खालचा चौकोन चमकत होता, टाके एकमेकांना चिकटून सपाट झाले होते. हातात घेतला तर ओल्या फडक्यासारखा लोंबला. मी तो गार केला, ओढला, झटकला. तो परत उभा राहिला नाही. नंतर वाचलं की अ‍ॅक्रिलिकला फार उष्णता लागली की त्यातला जोर कायमचा जातो. विणणाऱ्या बायका त्याला लोकर मारली असंच म्हणतात.

वासानं माय धावत आत आली, हात राखेचे.

"काय करं वं हाई? सासरना लोकसले काय दाखाडू आते?"

"दाखाडू नको," ताई म्हणाली. "मी तठे नही जात."

मग तिनं मायलाही सांगितलं. दाजींचं म्हणणं होतं की तिनं बाळाला घेऊन गावी त्यांच्या आईजवळ राहावं, ते सणावाराला येतील. ताईचं म्हणणं होतं की तुम्ही सुरतेला राहता तर मीही सुरतेलाच राहीन. दोघांचं फोनवर वाजलं. दुसऱ्या दिवसापासून तिचा फोन लागेना, मेसेजही जाईना. शेजारच्या पोरीनं बघून सांगितलं, ब्लॉक केलंय.

माय भिंतीला टेकून खाली बसली. मला वाटलं ती ओरडेल, आबांना हाक मारेल. तिनं एवढंच विचारलं, "आनी मी रोज राम राम सांगत व्हती, ते?"

"सांगत व्हती ना मी," ताई म्हणाली.

मायला हसू आलं की रडू ते मला सांगता येणार नाही. तिनं राखेचा हात तोंडावर धरला आणि तोंड सगळं राखेनं भरलं.

मी कुठल्याही गोष्टीत पुढे होणारी नाही. वर्गात उत्तर येत असलं तरी माझा हात वर जात नाही. पण त्या वेळी मला सरळच दिसलं की ब्लॉक ताईचा नंबर आहे, माझा नाही. मी माझा फोन काढला, दाजींना लावला आणि आवाज मोठा करून खाटेवर ठेवला.

दुसऱ्याच रिंगला उचलला. मागे मशीनांची खडखड.

"काय वं कॉलेजवाली! आज आमनी याद कशी उनी?"

नेहमीसारखाच चेष्टेचा आवाज. मला तोच धक्का सगळ्यांत मोठा बसला. माझी कल्पना होती की माणूस असं करतो तेव्हा त्याचा आवाज तरी बदलत असेल. तोंडाला आलं ते बोलून टाकलं.

"दाजी, शाल बिघडी गयी," मी म्हणाले.

"कोनी शाल?"

"बाळनी," ताई म्हणाली.

तिकडे फक्त मशीनं वाजत राहिली. आम्ही तिघी फोनकडे बघत होतो. कट झाला नाही.

"मी सुरतलेच येसू," ताई म्हणाली. "गावले नही. तुम्ही जठे ऱ्हातस, तठेच."

"अवं, खोली ल्हानी शे." आवाजातली चेष्टा गेली होती. "आम्ही चौघं गडी झोपतस तठे. तुले कोठे ठेवू मी? बाळले कोठे ठेवू?"

"मंग हाई सांगता नही येत व्हतं?"

तिकडून फक्त घसा खाकरल्याचा आवाज आला. दुकानातलं हवेचं मशीन मधेच बंद पडलं, आणि मी हा माणूस लाजतो आहे हे पहिल्यांदा ऐकलं. माय मान खाली घालून ऐकत होती.

"दुसरी देखा," ताई म्हणाली. "ल्हानीच देखा, मी आनी हाऊ बाळ, आम्ही काय मोठा शेतस का? पन देखा. तोपर्यंत मी आठेच."

"देखस."

"आनी मन्हा नंबर खोला."

"आते ड्यूटीवर शे वं. सुट्टी व्हई का खोलस."

"आतेच. मी थांबी ऱ्हायनी."

दाजींनी फोन ठेवला. ताईनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि त्याची पाठ थोपटू लागली. माझी अशी ताई मी कधी पाहिली नव्हती. मी तिच्याकडे बघायचं टाळत इस्त्रीची वायर गुंडाळत बसले. बाळानं ढेकर दिला.

मग फळीवर ठेवलेला ताईचा फोन वाजला.

माय उठली आणि तो आणायला गेली, पण हात राखेचे म्हणून तिथंच थांबली. मी उठायला लागले.

"ऱ्हाऊ दे," ताई म्हणाली. "वाजू दे जरासा."