नवखेकाकांचा साचा

आपल्याला काही येत नाही, असं अभिमानाने सांगणारा आमच्या कंपनीत एकच माणूस होता. बाकीच्यांना खरोखरच येत नव्हतं, पण ते सांगत नसत. "मी आज पहिल्यांदा कोड बघतोय समजा," असं म्हणून हे गृहस्थ आमच्या सॉफ्टवेअर लायब्ररीच्या, म्हणजे इतरांनी वापरायच्या तयार कोडच्या, माहितीपानावरचं उदाहरण जसंच्या तसं उचलत आणि कोऱ्या लॅपटॉपवर चालवून बघत. ते सहसा चालत नसे. म्हणून आम्ही त्यांना नवखेकाका म्हणू लागलो.

काका अंबरपेठेतले, तीन पिढ्यांचे हैदराबादी. मी पुण्याहून ताजा आलेला, त्यामुळे आल्या आल्या त्यांची मराठी सुधारायला निघालो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझं एक उदाहरण उघडलं.

"मराठी एकदम चोख आहे बाबा तुझी. पण वरची इम्पोर्टची, लायब्ररी आत घ्यायची ओळ कुठाय? ती काय लोकांनी घरून आणायची?"

"समजतं हो काका वाचणाऱ्याला."

"ज्याला समजतं तो इथं कायकू येईल?"

भाषेच्या मॉडेलला द्यायच्या सूचनांचे साचे, म्हणजे प्रॉम्प्ट टेम्प्लेट, हे त्यांचं दुसरं वेड. सूचना कुठे संपते आणि वापरणाऱ्याचा मजकूर कुठे सुरू होतो, हे ते रांगोळीसारखं आखून घेत. त्या मजकुराची जागा दाखवणारा एखादा महिरपी कंस चुकला की सगळा साचा कोलमडतो, हे आम्हाला ग्राहकांच्या तक्रारींतून कळे. काकांना आधीच कळलेलं असे. बढती अर्थातच तक्रारी मिटवणाऱ्यांना मिळे. तक्रार येऊच न देणारा माणूस दिवसभर करतो काय, हे साहेबांना दिसणार कसं?

यथावकाश साहेबांना साक्षात्कार झाला, की उदाहरणं आता मॉडेलनेच लिहावीत. त्यासाठीचा साचा मात्र काकांनी करायचा. तो जमला की काकांची जागा रद्द, हेही साहेबांनी मोठ्या मनाने आधीच सांगून टाकलं. काकांची निवृत्ती अजून लांब होती आणि घरात कमावणारे ते एकटेच.

मी त्यांना कँटीनमध्ये गाठलं. "काका, एखादा कंस ढिला ठेवा. साहेबांच्या बापालाही कळणार नाही."

"हौ, त्यांना नाही कळणार," काका म्हणाले. "पण जे पोरगं ते उदाहरण उचलेल, त्याला वाटेल आपल्यालाच अक्कल नाही. मला नोकरीच्या सुरुवातीला रोज तसं वाटायचं रे. नक्को."

मुदतीच्या शेवटच्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर तो साचा मॉडेलला दिला. मॉडेलने उदाहरण लिहिलं. काकांनी ते कोऱ्या लॅपटॉपवर टाकलं आणि बटण दाबलं. मी देवाकडे सहसा काही मागत नाही. त्या क्षणी एक एरर मागितला.

उदाहरण पहिल्या फटक्यात चाललं.

"चाललं! बघ रे, चाललं!" काका माझा दंड धरून ओरडले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. मला काकांचा इतका राग आला आणि त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली, की माझे हातच उचलेनात. काकांनी ते उदाहरण आणखी एकदा चालवून पाहिलं, आणि मग लॅपटॉप जमा केला.