चिकट मिठाई आणि दही-साखर

दर शनिवारी लंडनच्या स्टॅनमोरमधल्या एका हॉलबाहेर आम्ही दोघी आया माझ्या गाडीत कोंडून घेतल्यासारख्या बसायचो. आत आमच्या दहा वर्षांच्या पोरी हुशार पोरं निवडून घेणाऱ्या ग्रामर स्कूलच्या प्रवेशपरीक्षेची, इलेव्हन-प्लसची, ट्यूशन घेत. शेजारी बसायची ती कोरियन, माझ्या लेकीच्या मैत्रिणीची आई. मी पुण्याची, मार्कांचं वेड मला काय कुणी शिकवणार? पण तिच्यापुढे मी किस झाड की पत्ती!

"आमच्याकडे कॉलेजच्या परीक्षेत इंग्रजी ऐकायचा पेपर असला की विमानंसुद्धा थांबवतात," ती म्हणाली. "म्हणून तर इकडे पळून आलो. पोरीला खेळू द्यायचं होतं."

"मग?"

तिने हॉलच्या दाराकडे बोट दाखवलं. आम्ही हसलो. हसतोय कसलं, कपाळ आमचं!

एकदा मी वैतागून म्हटलं, "बास झालं. काढून घेऊया दोघींना."

"तू आधी," ती म्हणाली. मी गाडीतला रेडिओ लावला.

तिच्याकडे परीक्षेला जाताना चिकट मिठाई देतात, शिकलेलं चिकटून राहावं म्हणून. समुद्री शेवाळाचं सूप मात्र चुकूनही नाही. ते बुळबुळीत, प्यायलं की पोर घसरलीच! मी घरी जेवताना हे हसत हसत सांगितलं. लेक हसली नाही. "आई, ते सूप आपल्याला मिळेल?" तिने विचारलं. त्या दोघी मैत्रिणींना कोपऱ्यावरच्या साध्या शाळेत एकत्र जायचं होतं, हे मला माहीत होतं. "गप जेव," मी म्हटलं.

परीक्षेच्या सकाळी मी लेकीच्या हातावर दही-साखर ठेवली. तिने निमूटपणे तोंडात घातली. गाडीत अवाक्षर नाही. मला वाटलं, घाबरलीय बिचारी.

शाळेच्या फाटकाशी मैत्रीण आणि तिची आई भेटल्या. पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. माझीने गालात धरून ठेवलेलं दही कुंपणात थुंकलं. तिच्या मैत्रिणीने दातांना चिकटलेली मिठाई बोटाने खरवडून काढली. मग हातात हात घालून दोघी आत चालायला लागल्या.

फाटक अजून उघडं होतं.

"हाक मारूया का गं?" मी तिच्या आईला विचारलं.

तिचे डोळे भरले होते.

"तू आधी," ती म्हणाली.