मागाच्या खोलीतली जीप

वडगावच्या एका विणकराचा यंत्रमाग बंद पडला आणि मागाच्या खोलीत त्यानं जुनी जीप जोडायला घेतली. सुटे भाग एकेक करून आत नेले, पत्र्याचा सांगाडा आडवा करून दारातून घुसवला. सीटला साडीचा काठ लावला. कामावर जाता-येता मी थांबून बघायचो. तो बोलायचा ओरडूनच. मागाच्या खडखडाटात लागलेली सवय.

जीप उभी राहिली तेव्हा मी विचारलं, "अण्णा, आता ही दारातनं काढणार कशी?"

"कशाला काढू?" तो ओरडला. "माग तीस वर्षं हितंच चालला. भाईर गेला त्यो मोडीतच."

मग त्यानं इंजिन चालू केलं. खोली हादरायला लागली. तो काहीतरी सांगत होता. पहिल्यांदाच ते ओरडणं वाटलं नाही.