धुराला वाट

पश्चिम वेल्समधल्या त्या गावात दोन इद्वल होते. एक मटण विकायचा, म्हणून तो खाटीक इद्वल. दुसरा टेकडीवर पर्यटकांसाठी उभारलेल्या जुन्या केल्टिक वळणाच्या गावात रोज आगटी पेटवायचा, म्हणून तो धूर इद्वल. त्याचं आडनाव प्रिदर्ख आहे, हे पोस्टमन सोडला तर कुणाच्या लक्षातही नव्हतं.

टेकडीवर दोन हजार वर्षांपूर्वीच्या पद्धतीची पाच गोल घरं बांधलेली होती. सुट्टीत आईबाप पोरांना घेऊन यायचे. पोरं लाकडी ढाली घेऊन एकमेकांना बदडायची. मधलं मोठं घर एकवीस वर्षांपूर्वी इद्वलने एकट्याने गवताने शाकारलं होतं. छपराला भोक नव्हतं. धूर वर साचायचा आणि गवतातून हळूहळू बाहेर झिरपायचा. त्यामुळे गवत कोरडं राहायचं, किडायचं नाही, आणि एखादी ठिणगी उडालीच तर त्या धुरातच विझायची.

तोच धूर इद्वलच्या छातीतही साचला. जन्मात सिगारेट न ओढलेल्या माणसाला डॉक्टरीण म्हणाली, "दिवसाला दोन पाकिटं ओढणाऱ्याचं फुप्फुस आहे हे." आठवडाभर त्याला दवाखान्यात ठेवून घेतलं.

तो परतला तेव्हा व्यवस्थापक मेलेरी त्याला हाताला धरूनच मोठ्या घरात घेऊन गेली. "वर बघा!"

छपराच्या टोकाशी हातभर आभाळ दिसत होतं.

"कुणी केलं हे?"

"मी गवंड्यांकडून करून घेतलं. तुमच्यासाठी. आता धूर सरळ वर जाईल."

इद्वल खाली बसला. "पोरी, हे धुराडं झालं. आता जाळ वर ओढला जाणार. एक ठिणगी गवताला लागली की अर्ध्या तासात सगळं खलास."

मेलेरीचा चेहरा पांढराफटक पडला. "मग बुजवू. त्याच गवंड्यांना बोलावते."

"ते दगड रचणारे. गवत म्हणजे त्यांना गादीत भरायची वस्तू वाटते."

त्याने स्वतःच शिडी लावली. पाचव्या पायरीवर त्याचा श्वास अडकला. ओठ निळे पडले.

"उतरा! मेलात म्हणजे?"

"मेलो तर दुसरा धूर इद्वल शोध."

"दुसरा नाहीये, अहो! उतरा आधी!"

तो उतरला. खालून तो शिव्या घालत असताना गवंड्यांनी दोनदा भोक बुजवलं, दोन्ही वेळा पाऊस आत आला. शाकारणारा दुसरा माणूस पंचक्रोशीत नव्हता. शेवटी वर प्लास्टिक बांधलं आणि इद्वलने आगटी पेटवायला साफ मनाई केली.

उन्हाळ्यात गर्दी नेहमीपेक्षा जास्त झाली. "आता आत किती मोकळं वाटतं!" एक आई म्हणाली. "गेल्या वर्षी बसवत नव्हतं धुरानं."

इद्वलने वळचणीच्या गवतात बोटं खुपसली. ती ओल्या लगद्यात मुळापर्यंत बुडाली. त्याने मग वासा दाबून पाहिला, तोही कुजून मऊ झाला होता. त्याने मेलेरीला बाजूला घेतलं.

"पोरांना बाहेर काढ. सगळ्यांना."

"आज? ऑगस्टच्या ऐन सुट्टीत? नवीन गवत मागवते मी, इद्वल, कुठूनही आणते."

"चढवणार कोण?"

ती आत गेली आणि हसतमुखाने सगळ्यांना बाहेर घेऊन आली. त्या घराला कुलूप कधी नव्हतंच. सायकल बांधायची साखळी कुणीतरी आणली. दाराला ती गुंडाळताना इद्वलला दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला.